चिमणीतून आणि गटारातून

इचलकरंजीतल्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात, बॉयलर पेटला की मालकाचा डोळा जळणाच्या ढिगावर असतो. तो चिमणीकडेही हवा. बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान साधारण 22 अंशांनी उतरवलं, तर बॉयलरची कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने वाढते. नळ्यांवर काजळी किंवा क्षार साचले, की उष्णता पाण्यात न उतरता थेट वर जाते.

खरी उधळपट्टी मात्र गटारात दिसते. सूत वाळवणाऱ्या सिलिंडरमध्ये काम करून वाफेचं पाणी होतं, ते कंडेन्सेट. चटका बसेल इतकं गरम, शिवाय जवळजवळ क्षारमुक्त. ते सोडून द्यायचं आणि बोअरचं गार पाणी भरायचं, हा कुठला हिशेब? बॉयलरला जाणारं पाणी 6 अंशांनी जास्त गरम असेल, तर सुमारे एक टक्का जळण वाचतं. खळ शिजवताना थेट सोडलेली वाफ अर्थात परत मिळत नाही.

आणि स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त कंडेन्सेट बाहेर सोडणारी झडप! स्क्रूड्रायव्हरचं टोक थर्मोडायनॅमिक ट्रॅपवर टेकवा, मूठ कानाला लावा. थांबून थांबून टकटक आली तर ठीक. सलग सूं सूं ऐकू आलं, तर त्यातून वाफच निसटतेय.