ठेकेदार बदलला, नंबर तोच

आसनगाव लोकलमध्ये दारात लटकून ऐकत असाल, तर आधी आत सरका. आजचा विषय आपलाच आहे.

मी शहापूरचा. भिवंडीच्या एका गोदामात चार वर्षं स्कॅनर चालवला. माझा मित्र मुरबाडच्या एमआयडीसीत. त्याची सकाळची एसटी चुकली की खाडा. कामं वेगळी, दुखणं एकच : राबायचं कंपनीत, पगार ठेकेदाराकडून.

चार वर्षांत माझे तीन ठेकेदार झाले. गोदाम तेच, काम तेच, गळ्यातलं ओळखपत्र तेवढं नवीन. मधल्यानं दरमहा पीएफ कापला. एकदा पासबुक उघडलं, तर सात महिने भरणाच नाही! आई म्हणाली, "भात विकताना काटा बघतोस, मग हे का नाही बघितलंस?"

तर ऐका. आपल्या पगारातून 12 टक्के कापले, की तेवढाच वाटा मालकाचाही. ठेकेदारानं नाही भरला, तर कायद्यानं जबाबदारी मूळ कंपनीवर येते. आणि 2014 पासून यूएएन आहे. ठेकेदार कितीही बदलोत, नंबर एकच.

मी पगाराच्या स्लिपा जपल्या होत्या, म्हणून तक्रार टिकली. पाच महिन्यांचे जमा झाले, दोनांसाठी भांडतोय. मित्राला स्लिप कधी मिळालीच नाही.

आज रात्री रील बघण्याआधी उमंग अ‍ॅपवर पासबुक बघा. आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!