दातावरची चिनी माती

श्रोतेहो, आम्हा कवी मंडळींना ‘ताण’ हा शब्द फार प्रिय. मनाचा ताण, नात्यातला ताण. आज मात्र मी ज्या ताणाविषयी बोलणार आहे, तो चिनी मातीच्या दाताएवढ्या तुकड्यात असतो. रूट कॅनाल झाल्यावर डॉक्टर दातावर पांढरी कॅप बसवतात ना, तिच्यात. आमच्या चामोर्शीकडचा माणूस या कॅपसाठी मजुरी बुडवतो, बसचे भाडे भरतो, गडचिरोली-चंद्रपूरच्या फेऱ्या मारतो. आणि वर्षा-दोन वर्षांत तिचा टवका उडाला, की शिव्या बहुधा डॉक्टरच्याच वाट्याला येतात.

चिनी मातीचा स्वभाव मुळात एकांगी. दाबली तर पुष्कळ सोसते, ताणली तर चटकन मोडते. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, भद्रावतीला, कृष्णमूर्ती मिरमिरांच्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला नवे रूप दिले. भट्टीसमोर आयुष्य काढलेल्या कारागिराला विचारा, तो सांगेल : भांडे थंड होताना वरची झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली, तर ती ताणली जाते आणि तिच्यावर केसासारख्या भेगा पडतात. झिलई थोडी कमी आकसली, तर उलट ती दाबाखाली राहते आणि टिकते.

दाताच्या कॅपचेही गणित हेच. धातूच्या पातळ टोपीवर चिनी मातीचे थर देऊन ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजतात. पण साधी दंत-चिनी माती धातूच्या मानाने फारच कमी आकसते. इतका फरक पडला तर थरच सुटून येतो. अमेरिकेत १९६२ साली वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांना मिळालेल्या पेटंटांतून यावर तोड निघाली. मातीत ल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक राखायचे, म्हणजे तिचे आकसणे धातूच्या जवळ जाते. धातू मात्र किंचित जास्तच आकसला पाहिजे. तो आकसताना मातीला जणू कवेत घेऊन दाबून ठेवतो. हा दाब म्हणजे कॅपची शिल्लक. चावताना येणारा ताण आधी ही शिल्लक खर्चतो.

अलीकडच्या झिर्कोनियाच्या कॅपची तऱ्हा वेगळी. भेग पुढे सरकू लागली, की तिच्या टोकाजवळचे कण रूप बदलून सुमारे चार टक्क्यांनी फुगतात आणि भेगेलाच चिमटा घेतात. पण झिर्कोनिया उष्णता फार हळू सोडतो. त्यावर दिलेला चिनी मातीचा थर भट्टीबाहेर घाईने थंड केला, तर ताण आतच अडकून पडतो आणि पुढे टवके उडतात. म्हणून चांगला तंत्रज्ञ शेवटी भट्टी सावकाश थंड करतो. घाई महागात पडते ती अशी.

आता तोंडातली परिस्थिती पाहा. रमजानच्या इफ्तारीत बर्फाचा सरबत घ्यायचा आणि लगेच कढईतले भजे तोंडात टाकायचे, हा आमचा नेम! प्रयोगशाळेत दंतसाहित्याची परीक्षा घेतानाही ते ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने हजारो वेळा बुडवतात. चांगली बनवलेली कॅप एवढे सहसा सोसते.

सुपारीचे मात्र तसे नाही. आमच्या भागात खर्रा घोटणारे हात सकाळपासून थांबत नाहीत. सुपारीचा टणक तुकडा कॅपवर टेकतो तो टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर, आणि जबड्याचे सारे बळ तिथेच उतरते. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. डोळ्याला न दिसणारी भेग पडते, तिच्यात लाळ शिरते, आणि ओलाव्याने काचेसारख्या पदार्थाचे बंध भेगेच्या टोकाशी सैल होत जातात. भेग रोज किंचित सरकते. मग एके दिवशी मऊ भाताचा घास चावताना कॅप फुटते आणि माणूस भातातला खडा शोधत बसतो.

कॅप बसवून घेताना डॉक्टरला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : चावताना ती इतर दातांच्या आधी टेकते का, आणि घासून कमी केलेली जागा पुन्हा गुळगुळीत केली का? खरखरीत पृष्ठभागावरच भेगेला सुरुवात मिळते. रात्री झोपेत दात खात असाल, तर तेही आधीच सांगावे. आणि खर्ऱ्याचेही सांगावे, लाजू नये. डॉक्टरला तो दातांच्या रंगावरून एव्हाना कळलेलाच असतो.