‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’

 आजचा विषय थोडा माझ्या धंद्यातला आहे, पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात, दुकानात, ऑफिसात रोज उगवणारा. विंडोजवर चालणारे आपले छोटे-मोठे प्रोग्राम, म्हणजे बिलं काढणारा, पगार काढणारा, स्टॉक सांभाळणारा, मधेच का बिघडतात आणि बिघडले की कुठे पाहायचं, हे आज बोलू. तुमच्या घरात कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी सी-शार्प किंवा व्हिज्युअल बेसिक शिकत असेल, तर त्यांनाही बोलवा. दहा मिनिटांचं काम आहे.

सगळं जग ब्राउझरमध्ये आणि मोबाइलमध्ये गेलं असं आपण म्हणतो. पण देरा किंवा बर दुबईतल्या एखाद्या होलसेल दुकानाच्या काउंटरमागे डोकावून पाहा. तिथे अजूनही राखाडी खिडकीतला एक जुना प्रोग्राम निष्ठेनं बिलं छापत बसलेला असतो. १ जानेवारी २०१८ ला इथे ५ टक्के व्हॅट आला, तेव्हा असे शेकडो प्रोग्राम घाईघाईनं दुरुस्त झाले किंवा नव्यानं लिहिले गेले. त्यातला एक मी लिहिला होता, आणि त्यातली चूकही माझीच. तीच आधी सांगतो.

शारजाच्या इंडस्ट्रियल भागातल्या एका वर्कशॉपसाठी मी पगाराचा प्रोग्राम लिहून दिला होता. ३८ कामगार. हजेरी, ओव्हरटाइम, रजा आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी, असा सगळा हिशोब त्यात. पाच वर्षं तो बिनबोभाट चालला. २०२३ मध्ये तिथला जुना कॉम्प्युटर गेला, नवा आला. क्लार्कनं कामगारांची यादी नव्या मशीनवर आत घेतली. काही ओळींवर ‘तारीख चुकीची’ असा एरर आला, त्या त्यानं हातानं नीट केल्या. बाकीच्या गुपचूप आत गेल्या. सगळे खूश.

दोन महिन्यांनी तिथला साताऱ्याकडचा एक वेल्डर कायमचा गावी निघाला. त्याच्या हिशोबाचा कागद हातात आला आणि तो कागद घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी योगायोगानं तिथेच होतो. म्हणाला, “साहेब, मी शिवजयंतीच्या आठ-नऊ दिवस आधी आलो होतो. पहिली शिवजयंती रूमवरच केली आम्ही. यात ऑक्टोबर कुठनं आला?”

त्याची रुजू तारीख होती १०/०२/२०१९, म्हणजे १० फेब्रुवारी. नवा कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीच्या सेटिंगवर आला होता. तिथे आधी महिना, मग दिवस. म्हणून प्रोग्रामनं वाचलं २ ऑक्टोबर. २३४ दिवसांची नोकरी एका तिरक्या रेघेनं पुसली. मूळ पगार १२०० दिरहम. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, म्हणजे ८४० दिरहम ग्रॅच्युइटी. त्या हिशोबानं माणसाचे ५३८ दिरहम कमी निघाले होते. आपल्याला हा एखाद्या मॉलमधल्या संध्याकाळचा खर्च वाटेल. त्याच्यासाठी तो जवळपास निम्मा पगार होता.

रात्री बसून तपासलं. ज्यांच्या तारखेत दिवसाचा आकडा १२ च्या वर होता, उदाहरणार्थ २५ जून, त्यांच्यावर प्रोग्राम ओरडला होता. कारण पंचविसावा महिना नसतो. ते सगळे वाचले. ज्यांचा दिवस १२ किंवा त्याहून कमी, ते १३ जण निमूट उलटे झाले होते. कुणाची नोकरी घटली, कुणाची वाढली. त्या वेल्डरला त्याचे पैसे मिळाले, बाकीच्यांच्या तारखा पासपोर्टवरच्या आणि करारावरच्या नोंदींशी ताडून सरळ केल्या. पण शिवजयंती लक्षात नसती तर?

माझ्या लॅपटॉपवर हे कधीच का झालं नाही? कारण माझा लॅपटॉप भारतीय सेटिंगवर, दिवस आधी. आम्हा प्रोग्रामरांचं जगप्रसिद्ध वाक्य आहे: “माझ्या मशीनवर तर चालतंय!” ते वाक्य खरं असतं, आणि म्हणूनच निरुपयोगी असतं. प्रोग्राम तुमच्या मशीनवर चालायचाच नसतो, तो क्लार्कच्या मशीनवर चालायचा असतो.

यावर इलाज साधा आहे, मुलांनो, लिहून घ्या. तारीख वाचताना नुसतं ‘पार्स’ म्हणू नका, कारण मग विंडोज स्वतःच्या सेटिंगप्रमाणे अर्थ लावतं. ‘पार्स-एक्झॅक्ट’ वापरा आणि कोणत्या क्रमानं दिवस, महिना, वर्ष येणार ते स्वतः सांगा. फाइलमध्ये साठवताना वर्ष-महिना-दिवस या क्रमानं साठवा आणि ‘इन्व्हेरियंट कल्चर’ वापरा. पडद्यावर दाखवताना मात्र वापरणाऱ्याच्या सवयीप्रमाणे दाखवा, आणि शक्य तिथे महिना अक्षरात लिहा. ‘१० फेब्रुवारी’चा ऑक्टोबर कुणी करू शकत नाही. आणखी एक गंमत: विंडोजमध्ये कुणी अरबी, सौदी अरेबिया हे सेटिंग निवडलं तर वर्ष थेट चौदाशेच्या घरातलं दिसू लागतं. घाबरू नका, ते हिजरी कॅलेंडर आहे. यूएईच्या अरबी सेटिंगमध्ये मात्र नेहमीचं इंग्रजी कॅलेंडरच असतं.

आता दुसरी तक्रार, सगळ्यात जास्त ऐकू येणारी: “प्रोग्राम लटकला.” खिडकी पांढुरकी होते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं आणि माणूस चिडून दहा वेळा क्लिक करतो. आत काय होतं ते समजून घ्या. विंडोजच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये खिडकी रंगवणारा आणि तुमच्या क्लिक ऐकणारा एक मुख्य धागा असतो. त्याला आपण काउंटरवरचा माणूस समजू. आता त्यालाच तुम्ही मागच्या गोदामात माल मोजायला पाठवलंत, तर काउंटरवर गिऱ्हाईक हाका मारत बसणार. पाच सेकंद त्यानं ओ दिली नाही, की विंडोज जाहीर करतं, हा प्रोग्राम प्रतिसाद देत नाही. बहुतेक वेळा तो मेलेला नसतो, गोदामात मोजतच असतो. म्हणून वापरणाऱ्यांना विनंती: लगेच टास्क मॅनेजरमधून मारू नका, दोन मिनिटं थांबा. अर्धवट लिहिलेली फाइल ही लटकलेल्या खिडकीपेक्षा वाईट. आणि लिहिणाऱ्यांना: मोठं काम, म्हणजे वर्षाचा रिपोर्ट, नेटवर्कवरची फाइल, डेटाबेस, मागच्या धाग्यावर द्या. सी-शार्पमध्ये ‘असिंक’ आणि ‘अवेट’ त्यासाठीच आहेत. फक्त एक पथ्य पाळा. मागच्या धाग्यावरून खिडकीतल्या कुठल्याही गोष्टीला थेट हात लावायचा नाही. गोदामातल्या माणसानं काउंटरवर निरोप द्यायचा, गल्ल्यात हात घालायचा नाही.

तिसरी तक्रार: “मालकाच्या लॉगिननं चालतो, क्लार्कच्या लॉगिननं चालत नाही.” हे जवळजवळ नेहमी परवानगीचं दुखणं असतं. जुने प्रोग्राम आपला डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्येच लिहायचे. साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायला मनाई आहे. पण जुन्यांवर दया म्हणून विंडोज एक चलाखी करतं. त्यांचं लिहिणं गुपचूप त्या-त्या माणसाच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरकडे वळवतं. परिणाम काय? एकाच कॉम्प्युटरवर सकाळच्या क्लार्कची बिलं संध्याकाळच्या क्लार्कला दिसत नाहीत. दोघंही शपथेवर सांगतात, मी भरली होती. दोघंही खरं बोलत असतात. माणसांमध्ये भांडणं लागायच्या आधी ते फोल्डर उघडून पाहा. आणि ‘सगळ्यांना ॲडमिन करून टाका’ हा सल्ला कुणी दिला तर मानू नका. कुलूप नीट लागत नाही म्हणून दरवाजा काढून ठेवण्यासारखं आहे ते. डेटा ‘प्रोग्राम डेटा’ किंवा वापरकर्त्याच्या ‘ॲप डेटा’ फोल्डरमध्ये ठेवायचा, हा खरा उपाय.

चौथी: नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडतच नाही, किंवा ‘प्रोव्हायडर रजिस्टर्ड नाही’ म्हणतो. जुन्या ॲक्सेस डेटाबेसवरचे प्रोग्राम असतील तर हमखास. तो जुना जेट ड्रायव्हर फक्त ३२-बिट आहे आणि प्रोग्राम ६४-बिट होऊन धावतोय. इंटरनेटवर दिसेल ती डीएलएल उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकू नका, त्यातून व्हायरसच घरी येतो. प्रोग्राम बांधताना त्याला ‘एक्स-८६’ म्हणजे ३२-बिट ठरवून द्या, आणि लागणारं रनटाइम मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या.

पाचवी आपल्या जिव्हाळ्याची: अक्षरं. इथल्या बिलावर अरबी असतं, आपल्या मंडळाच्या यादीत मराठी असतं. कधी चौकोन दिसतात, कधी प्रश्नचिन्हं, कधी टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं. तिन्ही वेगळे आजार आहेत. चौकोन म्हणजे मजकूर शाबूत आहे, फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. मार्च २०२५ मध्ये दिरहमचं नवं चिन्ह आलं, ते जुन्या फॉन्टमध्ये नाही, त्याचाही हाच प्रकार. विचित्र अक्षरं म्हणजे मजकूर आहे, पण चुकीच्या एन्कोडिंगनं वाचला गेलाय, नीट उघडला तर परत मिळतो. पण प्रश्नचिन्हं म्हणजे साठवतानाच अक्षर हरवलं. ते परत येत नाही, बॅकअप शोधा. म्हणून फाइल यूटीएफ-८ मध्ये आणि डेटाबेसचा रकाना युनिकोडचाच ठेवा. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं जो ‘मंगल’ फॉन्ट वाचतो, तो र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकारानं घडवला. निदान त्यांच्यासाठी तरी आपल्या नावांची प्रश्नचिन्हं होऊ देऊ नका.

पैशाचं एक झटपट. ५० फिल्सच्या वस्तूवर ५ टक्के व्हॅट म्हणजे अडीच फिल्स. आपण म्हणू तीन. डॉट-नेटचं साधं ‘राउंड’ म्हणेल दोन, कारण ते अर्ध्यावर आलं की सम आकड्याकडे झुकतं. महिनाअखेरीला हिशोब काही फिल्सनी जुळत नाही आणि अकाउंटंट रात्र जागतो. पैशासाठी ‘डबल’ नाही, ‘डेसिमल’ वापरा, आणि राउंडिंगचा नियम स्वतः लिहा. आणि कुठलाही नियम प्रोग्रामच्या पोटात कोरून ठेवू नका. १ जानेवारी २०२२ ला इथली सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर आली, शुक्रवार अर्धा दिवस झाला, शारजात तर तीन दिवस सुट्टी. ज्यांनी ‘सुट्टी म्हणजे शुक्रवार’ असं कोडमध्ये लिहिलं होतं, त्यांना ओव्हरटाइमचे हिशोब पुन्हा करावे लागले. सौदीत व्हॅट जुलै २०२० मध्ये ५ वरून १५ टक्के झाला. दर, सुट्टी, तारखा, हे सगळं सेटिंगच्या तक्त्यात असावं.

शेवटी, बिघाड झाला की करायचं काय? मी चार प्रश्न विचारतो. नेमकं काय केल्यावर होतं? दर वेळी होतं की कधी कधी? काल चालत होतं तर आज काय बदललं? आणि दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या लॉगिननं होतं का? एररचा फोटो काढा, ‘ओके’ दाबून घालवू नका. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘ॲप्लिकेशन’ पाहा. प्रोग्राम का पडला याची नोंद बहुधा तिथे असते. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं बरं झालं ते कधीच कळत नाही. आणि हात लावण्याआधी डेटाची कॉपी.

एमबीएच्या वर्गात आम्हाला शिकवलं की चूक जितकी उशिरा सापडते तितकी महाग पडते. ते मला पुस्तकातून कळलं होतं, पण समजलं त्या वेल्डरच्या कागदावरून. माझा प्रोग्राम ज्यांच्यावर ओरडला ते वाचले, ज्यांच्याबाबत गप्प बसला ते फसले. म्हणून मुलांनो, एरर गिळून टाकणारा रिकामा ‘कॅच’ कधी लिहू नका. शंका आली तर प्रोग्रामला थांबून विचारू द्या. आणि आपल्यापैकी जे कुणी पगार घेतात, म्हणजे आपण सगळेच, त्यांनी आपली रुजू तारीख सिस्टिममध्ये एकदा स्वतः पाहून घ्या. महिना अक्षरात लिहिलेला मागा.

गावी गेल्यावर त्या वेल्डरचा फोन आला होता. म्हणाला, “साहेब, तारीख नीट केलीत ना सगळ्यांची?” स्वतःची नाही, सगळ्यांची. मी हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा तपासली.