तिसऱ्या पिढीची धाव
(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मोटारशर्यतीसारखा विषय मी निवडला याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. नाटक, भजन आणि दिवाळी अंक यांत रमणाऱ्या आपल्या मंडळाचा वेगाशी संबंध तो काय? परंतु मला मोटारीविषयी थोडे आणि एका वडिलांविषयी अधिक बोलायचे आहे.

लुईस हॅमिल्टनचे आजोबा १९५०च्या दशकात कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेट सोडून इंग्लंडला आले. वडील अँथनी संगणक क्षेत्रात व्यवस्थापक झाले. पोटासाठी मुलूख सोडणारी पहिली पिढी आणि नोकरीत स्थिरावलेली दुसरी, हा क्रम आपणांस परका नाही. लुईसचा जन्म लंडनच्या उत्तरेस स्टीव्हनेज येथे ७ जानेवारी १९८५ रोजी झाला.

त्याने १९९३ साली, आठव्या वर्षी, कार्टच्या शर्यतीत भाग घ्यावयास आरंभ केला. कार्ट म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, चार चिमुकली चाके आणि एक लहानसे इंजिन. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स याने पहिले कार्ट जोडले, तेव्हा त्यास गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसविले होते. दिसावयास हे खेळणेच. पण धक्के शोषून घेणारी स्प्रिंग त्यात नसते आणि चालक जवळजवळ जमिनीलाच टेकून बसलेला असतो. त्यामुळे चाक कोठे घसरू लागले, ब्रेक किती उशिरा दाबला तरी वळण साधेल, हे पाठीच्या कण्यालाच कळते. फॉर्म्युला वनचे बहुतेक चालक याच शाळेतून आलेले आहेत.

ही शाळा मात्र फार महाग. लुईसचे पहिले कार्ट इतरांनी वापरून सोडलेले होते आणि दुरुस्तीचे काम वडीलच करीत. अभ्यासात कसूर होता कामा नये, ही त्यांची अट. पुढे खर्च झेपेना, तेव्हा अँथनींनी कायमची नोकरी सोडून कंत्राटी कामे धरली. कधी कधी एकाच वेळी चार ठिकाणी राबले. पहिल्या तारखेच्या पगाराचे मोल मी आयुष्यभर केंद्र सरकारच्या सेवेत राहून जाणतो. दहा वर्षांच्या मुलाच्या छंदापायी माझ्या हातून राजीनाम्यावर सही झाली नसती, हे मी येथे मोकळेपणाने सांगतो. त्यातून त्या मैदानांवर कृष्णवर्णीय कुटुंब क्वचितच दिसे. टोमणे ऐकावे लागत. उत्तर शर्यतीतच द्यायचे, ही वडिलांची शिकवण होती.

१९९५ साली एका पारितोषिक समारंभात या दहा वर्षांच्या मुलाने मॅकलारेन संघाचे प्रमुख रॉन डेनिस यांना गाठले आणि एके दिवशी आपल्याला त्यांच्या मोटारी चालवायच्या आहेत, असे सांगितले. नऊ वर्षांनी दूरध्वनी कर, असे डेनिस यांनी त्याच्या वहीत लिहून दिले. प्रत्यक्षात तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, मॅकलारेन आणि मर्सिडीज यांनी त्याच्याशी करार केला. माझ्या मते या कथेचे खरे वळण येथे आहे. वडिलांची कमाई जेथे संपत होती, तेथून पुढे दुसऱ्याची तिजोरी उघडली. गुण तर आधीही तेवढेच होते!

पुढचा जिना त्याने भराभर चढला. २००३ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला रेनॉ, २००५ मध्ये युरोपीय फॉर्म्युला थ्री, २००६ मध्ये जीपी टू ही अजिंक्यपदे मिळाली आणि २००७ साली तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला. पहिल्या नऊही शर्यतींत तो पहिल्या तिघांत आला, पण वर्षअखेर जगज्जेतेपद एका गुणाने हुकले.

२ नोव्हेंबर २००८ रोजी ब्राझीलमधील इंटरलागोस येथे त्याला पाचवा क्रमांक हवा होता. पाऊस पडत होता, अखेरच्या फेरीत तो सहावा होता. शर्यत जिंकलेल्या फेलिपे मासाच्या घरच्यांनी आनंदोत्सव सुरूही केला होता. अखेरच्या वळणावर लुईसने टिमो ग्लॉकला मागे टाकले आणि या वेळी एकाच गुणाने तो जगज्जेता झाला. वय तेवीस! २०२०पर्यंत अशी सात अजिंक्यपदे त्याच्या नावावर जमा झाली.

त्यानंतर २०२१ साली त्याने सांगितले की, आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबाने आज पुन्हा आरंभ केला, तर येथवर पोहोचणे अशक्य आहे. खर्चच तेवढा वाढला आहे.