एका सुळक्याचे दोन होतात तेव्हा

अंबरनाथ, तारापूर, गोव्यातलं वेर्णे. इथल्या औषध कारखान्यांत रात्रपाळीच्या केमिस्टला दोन गोष्टींचा धसका असतो. पंपाचं प्रेशर चढत जातं, किंवा पडद्यावर एका पीकच्या, म्हणजे आलेखातल्या सुळक्याच्या, जागी दोन दिसतात. दोन्ही वेळा आळ येतो कॉलमवर.

कॉलम म्हणजे नमुन्यातले पदार्थ वेगळे करणारी वीतभर पोलादी नळी. आत 5 मायक्रॉनचे सिलिकाचे कण ठासून भरलेले आणि दोन्ही तोंडांना फ्रिट, म्हणजे बारीक छिद्रांची चकती. काल 150 बारवर चाललेला कॉलम आज 260 दाखवतोय? मग शेवटापासून मागे या. डिटेक्टरची नळी सोडा. प्रेशर उतरलं, तर अडथळा डिटेक्टरकडे आहे. नाही उतरलं, तर कॉलम काढा. तरीही प्रेशर चढंच असेल, तर कॉलम निर्दोष आहे. इंजेक्टर, फिल्टर तपासा.

कॉलमच तुंबला असेल, तर बहुधा पुढच्या फ्रिटवर काहीतरी अडकलेलं असतं: न गाळलेला नमुना, पंपाच्या सीलचा चुरा, शिळ्या बफरमध्ये वाढलेले जिवाणू. आणि मीठ! नवखा असताना मी फॉस्फेट बफरनंतर थेट ॲसिटोनायट्राइल सोडलं होतं. क्षार आतच साकळले आणि कॉलम गेला. आधी नव्वद टक्के पाणी आणि दहा टक्के मिथेनॉल अर्धा तास सोडायला हवं होतं. कॉलम उलटा लावून धुता येतो, पण उत्पादकाची परवानगी असेल तरच, आणि डिटेक्टर सोडवून, धार मंद ठेवून.

आता दुभंगलेले पीक. सगळेच दुभंगले असतील, तर दोष कॉलमच्या तोंडाशी. फ्रिट अर्धवट तुंबली, किंवा आत पोकळी पडली. साध्या सिलिकाच्या कॉलमला 8 च्या वरचा पीएच सोसत नाही. सिलिका विरघळते, कण खचतात. अशी पोकळी धुऊन भरत नाही.

फक्त सुरुवातीचे पीक फाटत असतील, तर नमुना कशात विरघळवला ते पाहा. मोबाइल फेजपेक्षा, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणापेक्षा, तीव्र द्रावक असेल, तर तोच नमुना मोबाइल फेजमध्ये करून पुन्हा सोडा.

आणि मधलाच एखादा पीक दुभंगला तर? इथे घाई करू नका, कळकळीने सांगतो. ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण थोडं कमी करा. दोन्ही सुळके एकमेकांपासून आणखी लांब गेले, तर ते दोन वेगळे पदार्थ असू शकतात. कॉलम तसाच राहू द्या, आणि गोळीत दुसरं काय आहे ते शोधायला लागा.