घरच्या नॅसचा बॅकअप: रात्री आपोआप, महिन्यातून एकदा हाताने

नॅस, म्हणजे घरच्या राउटरला जोडलेली डिस्कची पेटी. दोन डिस्क रेड १ मध्ये लावल्या की आपण निर्धास्त होतो. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. फोटोंचा फोल्डर चुकून डिलीट झाला, तर दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. घरात पाणी शिरलं, तर पेटीच गेली. म्हणून एक प्रत घराबाहेर, क्लाउडवर हवी.

सिनॉलॉजीचा नॅस असेल तर हायपर बॅकअप उघडा. रोज रात्री २ची वेळ लावा आणि जुन्या आवृत्त्याही ठेवा. नुसतं सिंक नको. इथली चूक तिथेही पोचते. एन्क्रिप्शन चालू करा, पण पासवर्ड नॅसवरच ठेवू नका. नाहीतर कुलूप बाहेर, किल्ली आत!

पहिल्या वेळी धीर धरा. २० एमबीपीएस अपलोडला १ टीबी जायला साडेचार दिवस तरी लागतात. पुढे फक्त बदललेला भाग जातो.

आणि महिन्यातून एकदा एखादा फोटो क्लाउडवरून परत आणून उघडून बघा. तो उघडला, तरच बॅकअप आहे म्हणायचं. भेटू पुढच्या भागात!