निसर्गपूजेला निरीक्षणाची जोड हवी

(गोंदिया जिल्ह्यातील महिला अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण या भूमीची ओळख त्याहून फार जुनी आहे. हा तलावांचा आणि धानाचा प्रदेश. नवेगावचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. त्याभोवतीच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. डोंगराला बहीण मानणारी ही संस्कृती आहे. तथापि, आपण ज्याला पूजनीय मानतो, त्याला आपण ओळखतो काय, हा प्रश्न आज विचारला पाहिजे. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या किती घरांत वडाचे फळ आणि त्यातील इवलेसे कीटक मुलांना उघडून दाखविले जातात? श्रद्धेच्या पाठीशी निरीक्षण नसेल, तर श्रद्धेचा केवळ उपचार उरतो.

ज्या स्त्रियांनी हे निरीक्षण आयुष्यभराचे व्रत म्हणून पत्करले, त्यांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे आहे. युरोपात मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती 1699 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, कीटकांच्या अभ्यासासाठी समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली. अळीचे फुलपाखरू कसे होते आणि कोणती अळी कोणत्या झाडावर जगते, हे तिने प्रत्यक्ष पाहून रेखाटले.

आपल्या देशातही अशी परंपरा आहे. 1897 मध्ये केरळात जन्मलेल्या जानकी अम्माळ यांनी 1931 मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. कोईमतूरच्या केंद्रात त्यांनी उसाच्या जातींवर मूलभूत संशोधन केले. उतारवयात त्याच विदुषी सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली जाऊ नये म्हणून उभ्या राहिल्या. 1984 मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

महाराष्ट्राला दुर्गा भागवत आणीबाणीतील निर्भय वाणीमुळे परिचित आहेत. परंतु 1956 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऋतुचक्र’मधील दुर्गाबाईही तितक्याच मोलाच्या आहेत. मध्य प्रांतातील आदिवासी भागात अभ्यासासाठी हिंडताना विषबाधा होऊन त्यांना दीर्घ आजारपण सोसावे लागले. शरीर जखडले गेले, पण दृष्टी जखडली गेली नाही. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यात आकाश, झाडे आणि पाखरे कशी पालटतात, हे त्यांनी टिपले. पुण्याच्या डॉ. हेमा साने यांनी वनस्पतिशास्त्राला भारतविद्येच्या अभ्यासाची जोड दिली. त्यांचे निधन 2025 मध्ये झाले. शहराच्या मध्यवस्तीतील जुन्या घरात विजेविना राहून त्यांनी अध्यापन केले, ग्रंथ लिहिले. त्यांचे राहणे हेच त्यांचे प्रतिपादन होते.

या सर्व विदुषींना अक्षरांची साथ होती. पण अक्षरांची साथ नसतानाही निसर्ग वाचणाऱ्या स्त्रिया याच जिल्ह्यात आहेत. माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे आपल्या ‘मामा तलावां’वर, ढीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या जगत आला. पुढे तलावांत गाळ साचला, बेशरमची झुडपे माजली, बाहेरून आणलेल्या मत्स्यबीजावर भर आला आणि स्थानिक मासे घटले. अर्जुनी-मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढीवरांच्या पारंपरिक ज्ञानाची नोंद घेत तलाव सावरण्याचे काम हाती घेतले. निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या स्त्रिया त्यात पुढे आल्या.

त्यांनी काय केले? पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट काढली आणि तलावात देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती पाण्याखाली वाढते, कोणती तरंगते, कोणती काठाच्या चिखलात रुजते, याचे ज्ञान त्यामागे होते. बुडीत वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात. मासे त्यांच्या आश्रयाने अंडी घालतात, पिले तेथेच लपतात, आणि माशांमागोमाग पाणपक्षीही येतात. विद्यापीठात यालाच परिसंस्थेचा अभ्यास म्हणतात.

येथे समरसतेचाही खरा अर्थ उलगडतो. ढीवर भगिनीला सभेत सन्मानाने बसविणे योग्यच. पण तिच्याकडून शिकणे हा त्याहून मोठा सन्मान आहे. तिच्या ओठांवरील माशांची, वनस्पतींची नावे नोंदविली गेली नाहीत, तर एका पिढीत ती लोपतील. मग तलाव उरला तरी त्याची भाषा उरणार नाही.

सारसाचेही असेच आहे. महाराष्ट्रात सारस आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच आढळतो. आदिकवी वाल्मीकींच्या करुणेला वाचा फोडणारे क्रौंचयुगुल म्हणजे सारसाचीच जोडी, असे अनेक अभ्यासक मानतात. हा पक्षी पावसाळ्यात पाणथळीत, कधी धानाच्या बांधीतही घरटे करतो. रोवणीसाठी वाकलेल्या भगिनीच्या दृष्टीस ते सर्वांआधी पडू शकते. ते घरटे वाचणार की मोडणार, हे अनेकदा तिच्या एका शब्दावर ठरते. रामायणाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला त्या घरट्याचे रक्षण करता आले पाहिजे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक घरात एक वही असावी. पहिला पळस कधी फुलला, पहिला पाऊस कधी आला, तलावावर कोणते पक्षी उतरले, आजीने कोणती रानभाजी कोणत्या नावाने ओळखली, हे मुलींनी तारखेसह लिहावे. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढावे. अंदाजाने काही लिहू नये. दहा वर्षांनी त्या वह्या गावाचा ठेवा ठरतील. तलावाचा निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेत जेव्हा त्या उघडल्या जातील, तेव्हा गावच्या स्त्रीचा शब्द भावनेचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. तो पुराव्याचा शब्द असेल.